त्याला माहीत नाही, आपल्याला माहितीये: 'प्रोजेक्ट एक्स'चा प्लॉट सुटा करून बघू

तर झालं असं, मागच्या रविवारी मी लॅपटॉपवर हा पिक्चर परत लावून बसले होते, याच व्हिडिओच्या नोट्स काढायला, आणि शेजारी आई गवार मोडत बसलेली. तिचं इंग्रजी बेताचं, चष्मा आत राहिलेला त्यामुळे सबटायटल पण दिसत नव्हती, पण अर्ध्याएक तासाने तिने ताट बाजूला सारलं आणि एकदम म्हणाली, "अगं पण त्या चिंपांझीला बोलता येतं हे त्या पोराला सांगा ना कुणीतरी!"

झालं. मी चार पानं नोट्स काढल्या होत्या, आईने एका वाक्यात सांगून टाकलं.

नमस्कार मंडळी. आज 'प्रोजेक्ट एक्स'. याच नावाचा तो पार्टीवाला पिक्चर नंतर आला, तो सोडा, आपण 1987 चा बघतोय. दिग्दर्शक जोनाथन कॅप्लन, हिरो मॅथ्यू ब्रॉडरिक, हिरोईन हेलन हंट, आणि खरा हिरो व्हर्जिल नावाचा चिंपांझी, ज्याचं काम विली नावाच्या चिंपांझीने केलंय. पिक्चर पूर्ण फोडणार आहे, आधीच सांगते. जुना आहे, हातात पॉज बटण आहे, बघून या हवं तर.

आता लॅबमधल्या प्राण्यावर पिक्चर लिहायचा म्हटलं की लिहिणाऱ्याची पहिली पंचाईत काय होते, तर तुमचं मुख्य पात्र जे आहे त्याला आपल्यासोबत काय चाललंय हेच ठाऊक नसतं. हिरोला संकट कळतं, तो काहीतरी ठरवतो, मग धडपडतो, असा आपला नेहमीचा साचा. इथे ज्याचा जीव जाणार आहे तो बिचारा समोरचं फळ बघतोय. मग प्लॉट ढकलणार कोण?

या पिक्चरने काय केलंय तर रमीचे पत्ते वाटावेत तशी माहिती वाटलीये. टेरी ही विस्कॉन्सिन विद्यापीठातली संशोधक मुलगी, तिने व्हर्जिलला हातांच्या खुणांची भाषा शिकवलेली, त्यामुळे व्हर्जिल कोण आहे हे तिला माहितीये, पण तिची ग्रँट बंद पडते, त्याला विकावं लागतं, तिला सांगतात की तो प्राणिसंग्रहालयात जाणार, म्हणजे तो कुठेय हे तिला माहीत नाही. जिमी हा एअर फोर्समधला पोरगा, विमानात मैत्रिणीला गुपचूप घेऊन गेला म्हणून शिक्षा होऊन चिंपांझींच्या ड्युटीवर टाकलेला. व्हर्जिल कुठेय हे त्याला माहितीये, समोरच पिंजऱ्यात आहे, पण तो कोण आहे हे माहीत नाही. आणि तिसरे ते लॅबचे डॉक्टर, त्यांना पुढे काय होणार ते माहितीये, बाकी कशाशी देणंघेणं नाही. तिघांकडे एकेक पत्ता. आणि आपण मात्र मागे उभे राहून सगळ्यांच्या हातात डोकावतोय, म्हणून आई गवार सोडून ओरडली.

आणि बघा, टेरी सुरुवातीलाच पिक्चरमधून जाते. जाते म्हणजे बराच वेळ दिसतच नाही. पटकथेच्या कुठल्याही क्लासमध्ये हे केलंत तर मास्तर लाल पेनाने गोल करतील, की ज्या बाईशी प्रेक्षकाला जोडलंत तिलाच घालवलंत कशी? पण इथे ते चालतं, कारण जाता जाता तिने आपल्याला व्हर्जिलची भाषा शिकवून ठेवलीये. पुढे तो पिंजऱ्यातून हात हलवत काहीतरी सांगतोय आणि जिमीला वाटतंय खाज आली असेल, तिथे जीव तुटतो तो आपला. टेरीची जागा आपण घेतलेली असते. मला हा भाग फार म्हणजे फारच आवडतो, आणि याबद्दल कुणी फारसं बोलताना मला तरी दिसत नाही.

मग येतो मधला मोठा टप्पा, सिम्युलेटरचा. जमिनीवरच असलेलं नकली विमान, चिंपांझीने दांडा धरून ते सरळ ठेवायचं. हा सगळा भाग स्पोर्ट्स पिक्चरसारखा रचलाय. ट्रेनिंग, चुका, परत ट्रेनिंग, मग जमतं, मग कोच आणि खेळाडूची गट्टी. आपणही खुश, अरे वा जमलं की लेकाला! आणि तेव्हाच कळतं की ट्रेनिंग पूर्ण झालेल्या चिंपांझीला पुढच्या खोलीत नेतात, तिथे त्याला जीवघेणा रेडिएशनचा डोस देतात आणि मग घड्याळ लावून बघतात की मरेपर्यंत तो विमान किती वेळ नीट चालवतो. अणुयुद्ध झालं, वैमानिकाला रेडिएशन लागलं, तर तो मोहीम पूर्ण करू शकेल का, हे शोधायला.

म्हणजे विचार करा, जितका हुशार तितका लवकर मरणार. इतका वेळ आपण ज्यासाठी टाळ्या वाजवल्या ते म्हणजे बकऱ्याला हौसेने पाला खाऊ घालणं होतं. आणि पाला घालणारा जिमी, आपला आवडता जिमी. प्लॉटची चूल इथे पेटते. हे रहस्य पहिल्या दहा मिनिटांत सांगितलं असतं तर ट्रेनिंगची मजा आपण घेतलीच नसती, मग अपराधी पण वाटलं नसतं. उलट 1982 चा 'द प्लेग डॉग्ज' आठवा, ॲनिमेशनचा, रिचर्ड ॲडम्सच्या कादंबरीवरचा. तो सुरूच होतो कुत्र्याला पाण्याच्या टाकीत बुडेपर्यंत पोहायला लावण्यापासून. सगळ्यात वाईट ते आधीच, मग उरलेला पिक्चर नुसता पळ. दोन्ही रचना चालतात, पण 'प्रोजेक्ट एक्स' तुम्हाला सामील करून घेतो, आणि ते जास्त टोचतं.

आता तुम्ही म्हणाल हे सगळं हॉलीवूडचं डोकं. नाही हो. असे प्रयोग खरंच झालेत, फक्त तिथे चिंपांझी नव्हते, ऱ्हीसस माकडं होती, आपल्या उत्तर भारतात देवळांभोवती दिसतात ना लाल तोंडाची, ती. टेक्सासमध्ये सॅन अँटोनियोला ब्रुक्स हवाई तळ होता, तिथे माकडाला एका हलत्या प्लॅटफॉर्मवर खुर्चीत बांधायचे, हातात दांडा, प्लॅटफॉर्म कलला की त्याने सरळ करायचा, नाही केला की विजेचा शॉक. शिकून तयार झालं की रेडिएशन. डोनाल्ड बार्न्स नावाचे मानसशास्त्रज्ञ तिथे सोळा वर्षं हे करत होते, त्यांचाच अंदाज की हजारएक शिकवलेल्या माकडांना त्यांनी रेडिएशन दिलं असेल. 1980 मध्ये त्यांची नोकरी गेली आणि मग ते प्राण्यांच्या बाजूने उघड बोलायला लागले.

आणि ऱ्हीससचा विषय निघालाच आहे तर सांगते, ही माकडं अमेरिकेला पाठवणारा मोठा देश कोण, तर आपण. तिकडे सैन्याच्या रेडिएशन प्रयोगांत ती वापरली जातायत हे उघड झालं आणि मोरारजी देसाईंच्या सरकारने निर्यातच बंद केली, 1978 पासून. पिक्चर यायच्या नऊ वर्षं आधीची गोष्ट.

बरं, मग पिक्चरवाल्यांनी बार्न्ससारखा हिरो का नाही घेतला? खरा माणूस, खरी गोष्ट, वर त्याचं मतपरिवर्तन पण झालेलं! मला वाटतं कारण साधं आहे, त्याच्याकडे पहिल्या दिवसापासून सगळे पत्ते होते. त्याला काही नव्याने कळणार नव्हतं, जे कळत होतं ते आत कुठेतरी वर्षानुवर्षं मुरत होतं, आणि मुरणं कॅमेऱ्यात पकडणं महाकठीण काम. म्हणून जिमी. अनाडी, ज्युनियर, माहिती सगळ्यात कमी, त्यामुळे कळण्याचा धक्का सगळ्यात मोठा.

आणि ऱ्हीससच्या जागी चिंपांझी का, तेही असंच. चिंपांझी खुणा शिकतो म्हणून त्याला डायलॉग मिळतात. हे पण हवेतलं नाहीये. निम चिंप्स्की नावाचा खराखुरा चिंपांझी, कोलंबिया विद्यापीठाच्या प्रकल्पात माणसांच्या घरात वाढवला, खुणा शिकवल्या, 1977 मध्ये प्रकल्प संपला, ओक्लाहोमाला परत पाठवला आणि तिथून पुढे न्यूयॉर्कच्या एका मेडिकल लॅबला विकला. लोकांनी आरडाओरडा केला म्हणून सुटला. आणखी एक होता, बूई. त्याचा जुना शिक्षक रॉजर फाउट्स 1995 मध्ये, तेरा वर्षांनी, टीव्हीचा कॅमेरा घेऊन लॅबमध्ये त्याला भेटायला गेला तर त्याने पिंजऱ्यातून रॉजरच्या नावाची खूण केली. कानाच्या पाळीची खूण होती ती. आता 'प्रोजेक्ट एक्स'मध्ये टेरी परत येते तो सीन बघा आणि सांगा फिल्मी वाटतोय का.

येऊ परत प्लॉटवर. जिमी टेरीला फोन करतो, म्हणजे त्याचा पत्ता आणि तिचा पत्ता एकत्र आले. आणि मग माझ्या मते पिक्चरमधला सगळ्यात भारी सीन. बडे पाहुणे आलेत, प्रयोग दाखवायचाय, आत व्हर्जिल खुर्चीत. आणि जिमी सगळ्यांसमोर बोलतो. तो रडत नाही, दया करा वगैरे म्हणत नाही. तो म्हणतो, तुमचा प्रयोगच चुकलाय. कारण खऱ्या वैमानिकाला माहीत असणार की आपल्याला डोस लागलाय, आपण मरणार आहोत. चिंपांझीला ते माहीत नाही. मग चिंपांझी किती वेळ उडवतो यावरून माणसाचं काय कळणार?

कळलं का काय केलंय? इतका वेळ प्लॉट ज्यावर चालत होता, कुणाला काय माहितीये आणि कुणाला नाही, तोच मुद्दा हिरोच्या तोंडी युक्तिवाद म्हणून आला. पिक्चरची रचना आणि पिक्चरचं म्हणणं एका जागी येऊन बसलं. लिहिणाऱ्याला यासाठी शंभर पैकी शंभर.

आणि इथेच, माझं स्पष्ट मत, पिक्चर संपलेला आहे. पण अजून बराच उरलाय! मग काय, चिंपांझींचं बंड, गोलियाथ नावाचा दांडगा चिंपांझी त्या रेडिएशनच्या खोलीत जातो आणि तिथेच संपतो, रिॲक्टरचा धोका, सायरन, पळापळ, शेवटी व्हर्जिल खरंखुरं विमान उडवतो. सिम्युलेटरचं बी पेरलं होतं ते उगवलं, ठीक, हिशोब जुळतो. पण जिमीच्या प्रश्नाला त्या डॉक्टरांनी काय उत्तर दिलं असतं, ते मला ऐकायचं होतं. सगळे पत्ते टेबलावर पडल्यावर डाव खेळायचा सोडून टेबलच उलटवलं. हीच कथा लिहिणाऱ्यांपैकी लॉरेन्स लॅस्कर 1983 च्या 'वॉरगेम्स'चा पण लेखक, तिथेही ब्रॉडरिक, तिथेही अणुयुद्ध, पण तिथला शेवट विचारातून निघतो. म्हणून जास्तच चुटपुट लागते.

एक गोष्ट सांगायची राहिली, आणि ती न सांगणं बरं नाही. पिक्चर आला त्याच सुमारास अमेरिकेतला प्रसिद्ध टीव्ही होस्ट बॉब बार्कर याने आरोप केला की यातल्या चिंपांझींना ट्रेनिंगमध्ये मारहाण झाली. ट्रेनर लोकांवर गुन्हा काही दाखल झाला नाही, उलट शूटिंगवर देखरेख करणाऱ्या अमेरिकन ह्यूमेन असोसिएशनने बार्करवरच बदनामीचा दावा ठोकला, तो 1994 मध्ये तडजोडीत मिटला. खरं खोटं मी ठरवणार नाही. पण तेव्हापासून सिम्युलेटरचे ते गोड सीन बघताना माझी नजर विलीच्या खांद्यांवर जाते. त्याला तरी कुठे माहीत होतं की हा पिक्चर आहे.

असो. तर रविवारी शेवटी विमान एव्हरग्लेड्सच्या दलदलीत जाऊन आदळलं, फ्लोरिडात, चिंपांझी झाडीत निघाले, म्युझिक मोठं झालं, जेम्स हॉर्नरचं आहे, चांगलंय. मला परत एकदा भरून आलं, शेवट आवडत नाही म्हणते तरी. आईकडे बघितलं. गवार मोडून झाली होती, ताट उचलून ती उठता उठता स्क्रीनकडे बघत म्हणाली, "तिथे मगरी असतात ना गं?"