घरफाळ्याच्या पावतीतली एक ओळ आणि वाचनालयातल्या माणसाचा पगार

[हातात घरफाळ्याची पावती]

नमस्कार मंडळी. तुमच्या घरफाळ्याची पावती जरा काढा. बेळगाव शहरातली असू दे, नाहीतर खानापूर, निपाणीकडच्या एखाद्या पंचायतीची. पावती कन्नडमध्ये असते. पण त्यातल्या एका ओळीचे शब्द आपलेच आहेत, लिपी तेवढी वेगळी: ग्रंथालय कर.

कर्नाटकाच्या १९६५ च्या ग्रंथालय कायद्यातून हा कर आला. आज तो घरफाळ्याच्या ६ टक्के आहे. समजा घरफाळा ४,००० रुपये असेल, तर २४० रुपये वाचनालयाचे. तुम्ही तिथं कधी पाऊल टाकलं नसेल तरीही.

महाराष्ट्रात असा करच नाही. तिकडची गावातली वाचनालयं सरकारी अनुदानावर चालतात. २०२२ साली ते ६० टक्क्यांनी वाढवलं, तेव्हा ‘ड’ वर्गाच्या, म्हणजे सगळ्यात खालच्या वर्गाच्या वाचनालयाचं अनुदान वर्षाला ४८,००० झालं. पुस्तकं, वीजबिल बाजूला ठेवून सगळं पगारावर घातलं तरी महिन्याला ४,०००! त्या मानानं आपल्याकडे पैशाला कायद्यानं वाट करून दिलेली आहे. म्हणूनच पुढचं मला सहन होत नाही.

मी खानापूर तालुक्यातली. आमच्या गावच्या वाचनालयात एक काका होते. पावसाळ्यात छत गळायचं, तेव्हा कपाटावर टाकायला स्वतःच्या घरची ताडपत्री आणायचे. एकदा चार महिने त्यांचे पैसे आले नव्हते. दुकानात उधारी मागताना त्यांनी मला पाहिलं आणि मान फिरवली. पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं त्याच संध्याकाळी त्यांच्याकडून पेपर घेऊन वाचत बसली होती.

आता गोष्ट कुठं अडते ते बघूया. २०१९ मध्ये ग्रामपंचायतींची वाचनालयं ग्रंथालय खात्याकडून ग्रामविकास आणि पंचायत राज खात्याकडे गेली. आता त्यांना ‘अरिवु केंद्र’ म्हणतात. अरिवु म्हणजे जाण, ज्ञान. मुलांचे कार्यक्रम आले, कॉम्प्युटर आले, काम वाढलं. पण ते चालवणाऱ्या मेल्विचारकाला, म्हणजे पर्यवेक्षकाला, जे मिळतं त्याचं नाव राहिलं मानधन.

पगार आणि मानधन यात फरक फक्त रकमेचा नाही. पगाराला श्रेणी असते. दरवर्षी वाढ लागते, महागाई भत्ता चढतो, रजा असते, निवृत्तीसाठी दर महिन्याला काहीतरी साठतं. मानधनात यातलं आपोआप काहीच होत नाही. प्रत्येक वाढीसाठी निवेदन, मोर्चा आणि वाट पाहणं. कर्नाटकाचा सातवा वेतन आयोग १ ऑगस्ट २०२४ पासून लागू झाला, त्यात कायम शिपायाचाही किमान मूळ पगार २७,००० आहे. शहरातल्या सरकारी ग्रंथालयात कायम नोकरीवर असलेला आणि गावात एकट्यानं कुलूप उघडणारा, दोघंही पुस्तकंच देतात, नोंदच ठेवतात. तात्पुरत्या कर्मचाऱ्याचं काम कायम कर्मचाऱ्यासारखंच असेल, तर त्याला त्या श्रेणीचं किमान वेतन मिळालं पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयानं २६ ऑक्टोबर २०१६ ला सांगितलंय. तरी प्रत्येकानं ते कोर्टात जाऊन सिद्ध करायचं, हे मानधनावरच्या माणसाला कसं परवडणार?

आपल्या भागात आणखी एक गोष्ट आहे, तिचा हिशोब कुणीच धरत नाही. इथला मेल्विचारक दोन भाषांत काम करतो. रजिस्टर कन्नडमध्ये लिहितो आणि समोरच्या आजीला मराठी पुस्तक शोधून देतो. असा माणूस उद्यमबागेतल्या कारखान्यात गेला, गोव्याला गेला, तर त्याच्या जागी कोण येणार? पगार बाजाराच्या बरोबरीचा हवा तो यासाठी.

मग आपण काय करायचं? माहिती अधिकाराचा अर्ज, फी १० रुपये. कर्नाटकात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत लागतो. कन्नड लिहिता येत नसेल तर हिंदीत द्या, कायद्यात ती सोय आहे. तीन गोष्टी विचारा: गेल्या वर्षी ग्रंथालय कर किती जमला, त्यातला वाचनालयावर किती खर्च झाला, आणि मेल्विचारकाचे पैसे दर महिन्याला कोणत्या तारखेला जमा झाले.

माझ्या पंचायतीत मी आज अर्ज दिलाय. ही त्याची पोच. उत्तर द्यायला ३० दिवसांची मुदत आहे. जे आकडे येतील ते असेच कॅमेऱ्यासमोर धरून वाचून दाखवीन.