टपाल वाटणारी ब्रिटनी

आधी नुसते ड्रम आणि गिटारची एक छोटी ओळ, फिरून फिरून तीच. घाई कुणालाच नाही. मग एक मुलगी गाऊ लागते, जवळजवळ बोलल्यासारखी. बावीस वर्षांपर्यंत आपण जगू असं वाटलं नव्हतं, म्हणते. ऐकणाऱ्याला ते खरं वाटतं.

आवाज ब्रिटनी हॉवर्डचा. गाणं ‘होल्ड ऑन’. अलाबामा शेक्स या अमेरिकन रॉक बँडचा पहिला अल्बम, ‘बॉइज अँड गर्ल्स’, इथूनच सुरू होतो.

ब्रिटनी उत्तर अलाबामातल्या अथेन्स गावची. पियानो आणि कविता तिला मोठ्या बहिणीनं, जेमीनं शिकवल्या. डोळ्याच्या कर्करोगानं जेमी लहानपणीच गेली. त्याच आजारानं ब्रिटनीचाही एक डोळा अधू केला. हे कळल्यापासून त्या गाण्यातलं ‘बावीस’ मला नुसतं वय म्हणून ऐकूच येत नाही.

शाळेत तिला झॅक कॉक्रेल भेटला, बेस वाजवणारा. गावातल्या वाद्यांच्या दुकानात काम करणारा स्टीव्ह जॉन्सन ड्रमवर बसला. दुसरी गिटार हीथ फॉगची. ब्रिटनी तेव्हा टपाल वाटायची. काम सांभाळून, स्वतःच्या खिशातून पैसे घालून ही चौघं नॅशव्हिलला ध्वनिमुद्रणाला जात. अंतर सुमारे दीडशे किलोमीटर. तिथं आंद्रिया टोकिकच्या ‘बॉम्ब शेल्टर’ स्टुडिओत चुंबकीय टेपवर हे संगीत उतरलं. आवाजाची ती किंचित खरखरीत ऊब इथली.

अथेन्सच्या पश्चिमेला, तासाभराच्या वाटेवर मसल शोल्स, जुन्या ध्वनिमुद्रण स्टुडिओंसाठी प्रसिद्ध गाव. सोल, म्हणजे चर्चच्या गाण्यातून आलेलं कृष्णवर्णीय अमेरिकनांचं संगीत, गाणारी अरेथा फ्रँकलिन १९६७ मध्ये तिथं गायली होती. त्यामुळे या चौघांना ‘जुन्या सोलचे वारसदार’ म्हणणं सोपं आहे. पण सुरुवातीच्या कार्यक्रमांत ते लेड झेपेलिन या दणदणीत ब्रिटिश रॉक बँडची गाणीही वाजवत, आणि तो दणका गिटारमध्ये राहिलाच.

‘यू एन्ट अलोन’ मात्र सावकाश ऐकायला हवं. दादऱ्याच्या जवळचं वजन, झुलतं. ब्रिटनी सुरुवातीला समजूत घालते. मग आवाज चढत जातो, फाटतो, आणि ती तो सावरत नाही. समजूत घालणाऱ्यालाच आधार हवा आहे, हे त्या फाटण्यातून कळतं. ब्लूज, म्हणजे कृष्णवर्णीय अमेरिकनांचं दुःखाचं गाणं, माझ्यासाठी तिथं आहे.

जुलै २०११ मध्ये हेच गाणं इंटरनेटवर पसरलं, आणि बघता बघता मोठ्या कंपन्या या बँडच्या मागे लागल्या. एप्रिल २०१२ मध्ये अल्बम आला. अकरा गाणी, जेमतेम छत्तीस मिनिटं. पुढे ग्रॅमीची तीन नामांकनं.

‘होल्ड ऑन’चा जन्म मात्र या अल्बमच्याही आधीचा. ब्रिटनीनं सांगितलेली गोष्ट अशी: एका कार्यक्रमात बँडकडे गिटारची ती ओळ होती, शब्द नव्हते. तिनं मंचावरच सुचेल ते गायला सुरुवात केली. ध्रुवपद आलं, आणि समोरची माणसं तिच्याबरोबर गाऊ लागली. जणू ते गाणं त्यांना आधीपासून पाठ होतं.