पोढी : नाणेघाटाच्या वाटेवरचं पाणी

(दृश्य : हिवाळ्यातली पहाट. रिकामा डांबरी रस्ता. समोर सह्याद्रीची काळी रेघ.)

कल्याण-नगर रस्त्यावर मुरबाड मागे पडतं, टोकावडे जातं, वैशाखरे येतं, आणि तोवर डोंगर अगदी अंगावर आलेला असतो. त्या कड्यांच्या रांगेत एक सुळका पुढे झुकलेला दिसतो. तो नानाचा अंगठा. त्याच्या बगलेत जी बारीक खाच दिसते, तिथे आपल्याला पोचायचंय. गाड्या सगळ्या सरळ माळशेजकडे निघून जातात. आपण इथेच उतरायचं.

सुरुवातीला वाट साधीच आहे. झाडी, वाळलेल्या पानांचा थर, मध्ये एखादा ओढा. मग चढ लागतो, आणि थोड्या वेळानं पायाखाली काहीतरी बदललंय हे आधी तळव्यांना कळतं. मातीच्या जागी दगड आलेला असतो. कुठे मोठे धोंडे रचलेले, कुठे कातळच खोदून काढलेल्या पायऱ्या. मधला भाग गुळगुळीत, कडा मात्र अजून खरबरीत. सगळ्यांनी पाय मधोमध टाकले, म्हणून हे असं झालं. आपणही तिथेच टाकतो.

दोन हजार वर्षांपूर्वी या पायऱ्यांवर बैल होते. पाठीवर दोन्ही बाजूंना लादलेला माल, नाकातोंडातून वाफ, आणि मागून हाकणाऱ्याचा आवाज. कोकणातली बंदरं आणि घाटावरची गावं यांच्यामध्ये ही भिंत उभी होती आणि ती ओलांडण्याच्या जागा मोजक्या. सोपारा आणि कल्याणहून जुन्नरला, तिथून पुढे पैठणला आणि धाराशिवजवळच्या तेरला जायचं, तर हा घाट सरळ आणि जवळचा.

या व्यापाराबद्दल एका परक्या माणसानं लिहून ठेवलंय. इसवी सनाच्या पहिल्या शतकातला, इजिप्तमधून ये-जा करणारा, ग्रीक भाषेत लिहिणारा एक दर्यावर्दी. त्याचं नाव राहिलं नाही, त्याचं लिखाण राहिलं. ‘पेरिप्लस’ म्हणून ते ओळखलं जातं. इतिहासाच्या कागदात अचानक ओळखीचं गाव भेटावं, तसं त्यात होतं. पैठण आहे, ‘तगर’ म्हणजे आपलं तेर आहे, सोपारा आहे, कल्याण आहे. गुजरातेतल्या भडोच बंदराहून पैठण वीस दिवसांच्या वाटेवर, आणि पैठणहून पूर्वेला तेर दहा दिवसांवर, असं तो लिहितो. पैठणहून मौल्यवान खडे जातात, तेरहून कापड, साधं पुष्कळ आणि थोडं तलमही. आणि समुद्राकडून भडोचला येतं ते मद्य, तांबं, कथील, शिसं, पोवळं, काच.

कल्याणबद्दल मात्र त्यानं एक तक्रार नोंदवली आहे. पूर्वीच्या राजाच्या वेळी हे रीतसर व्यापाराचं बंदर होतं, पण आता सत्ता बदलली आणि वाट अडवली गेली. एखादं ग्रीक जहाज चुकून इथे आलंच, तर पहाऱ्यात भडोचला नेलं जातं. एवढंच वाक्य. पण एक बंदर बंद पडलं की त्याच्या मागच्या घाटावर काय होत असेल? किती बैल उभे राहिले असतील, किती घरांतली मिळकत थांबली असेल?

(दृश्य : खिंड. दोन्ही बाजूंना कातळ, वर आभाळाची पट्टी. मग गुहेचं तोंड.)

माथा अगदी जवळ आला की डाव्या-उजव्या बाजूचे कातळ जवळ येतात, आणि तिथेच लेणं लागतं. चौकोनी खोली, भिंतीलगत बसायला दगडी ओटे. पाठ टेकली की घाम गार पडतो. आणि मग नजर भिंतीवर जाते.

डाव्या आणि उजव्या भिंतीवर ब्राह्मी अक्षरांच्या ओळींमागून ओळी. भाषा प्राकृत. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकाच्या आसपासचा हा लेख सातवाहन राणी नागनिकेचा. आरंभी देवांना वंदन : धर्म, इंद्र, संकर्षण, वासुदेव, चंद्र, सूर्य, चार लोकपाल. मग यज्ञांची यादी, अश्वमेध, राजसूय, आणि प्रत्येक यज्ञात काय दान दिलं त्याचा हिशेब. गाई, घोडे, हत्ती, कार्षापणं म्हणजे त्या काळची नाणी. हिशेब आला म्हणून आकडे आले, आणि २, ४, ६, ७, ९ या अंकांच्या अगदी जुन्या खुणांपैकी काही त्यामुळे या भिंतीवर पाहायला मिळतात.

मागच्या भिंतीवर राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती होत्या. सिमुक सातवाहन, नागनिका आणि सातकर्णी, राजकुमार, एक महारठी म्हणजे सरदार. डोक्यावर नावं कोरलेली आहेत. मूर्ती गेल्या, खाली पावलांच्या खुणा तेवढ्या उरल्या. १८२८ साली साइक्स नावाचा इंग्रज अधिकारी इथे आला आणि त्यानं हे लेख अभ्यासकांपुढे आणले. पुढे भगवानलाल इंद्रजी आणि ब्यूलर यांनी ते वाचले.

राजवाड्यात किंवा मंदिरात न कोरता राणीनं हे सगळं एका खिंडीत का कोरलं, हा प्रश्न ओट्यावर बसलं की आपोआप सुटतो. इथून प्रत्येकाला जावंच लागत होतं. हा घाट चढायचा तर दुसरी वाटच नव्हती.

माथ्यावर एक दगडी रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकायचे, म्हणून हा नाणेघाट, असं गावकरी सांगतात. फोटो सगळे या रांजणाचेच निघतात. पलीकडे जीवधन किल्ला आणि त्याच्या शेजारचा वानरलिंगी सुळका, तेही फोटोत छान येतात. पावसाळ्यात खालून येणारा वारा धबधब्याचं पाणी परत वर उडवतो, तेव्हा तर इथे उभं राहायला जागा नसते. मला मात्र तुम्हाला दुसरंच काही दाखवायचंय.

(दृश्य : पाण्याचं टाकं, जवळून. कातळावरच्या छिन्नीच्या तिरक्या रेघा. पाण्यावर एक पान.)

हे टाकं. कातळात सरळ खाली उतरवलेला चौकोन. हात आत घालून भिंतीवरून फिरवला तर छिन्नीचे घाव बोटांना लागतात, एकाच दिशेनं, एकाखाली एक. ज्यानं हे खोदलं, त्याचा हात कोणत्या बाजूनं येत होता तेसुद्धा कळतं. पाणी हिवाळ्यातही गार, तळ दिसत नाही.

सह्याद्रीत चार महिने आभाळ फाटल्यासारखा पाऊस पडतो आणि सगळा वाहून जातो. हा खडक पावसाचं पाणी आत मुरवून ठेवत नाही. दिवाळी सरली की ओढे आटायला लागतात, शिमग्यापर्यंत दगड कोरडे पडतात. आणि वाटेवरची वर्दळ नेमकी तेव्हाच. इजिप्तहून जुलैत निघालेली जहाजं पाऊस ओसरता ओसरता आपल्या किनाऱ्याला लागायची. माल उतरायचा, बैल लादले जायचे आणि घाट चढायला सुरुवात व्हायची ती ओढे आटण्याच्या दिवसांत. चढून आलेल्या जनावराला माथ्यावर पाणी मिळालं नाही, तर या घाटाचा काही उपयोग नव्हता.

इथल्या टाक्यांवरही लेख आहेत, राणीच्या लेखापुढे अगदी छोटे. एक आहे वासिष्ठीपुत्र सातकर्णी राजाच्या १३व्या वर्षाचा, ऋतू हेमंत, दान देणारा दामघोष नावाचा गृहस्थ. दुसरा त्याहून लहान : सोपाऱ्याच्या गोविंददासाचं दान, पोढी.

पोढी म्हणजे पाण्याचं टाकं. झालं, एवढाच लेख. गोविंददास काय विकायचा, या घाटानं किती वेळा गेला, कधी तहानेनं त्याचा जीव कासावीस झाला होता का, यातलं काहीच त्यानं लिहिलं नाही. पण सोपारा समुद्रकाठी. तिथल्या माणसानं इतक्या लांब, या उंचीवर पाण्यासाठी पैसे मोडले. हा माणूस ही वाट पायाखालून घालून आला असणार, असं मला मनापासून वाटतं.

म्हणून अशाच एखाद्या टाक्यात पाण्याच्या रिकाम्या बाटल्या तरंगताना दिसल्या की पोटात कालवतं. लेण्याच्या भिंतीवर कुणी आपलं नाव खरवडून जातं तेव्हाही. इथे जायचं तर बाटली परत न्या आणि अक्षरांना हात लावू नका. जुना दगड भक्कम दिसतो, पण त्यावरचं अक्षर नखाएवढं खोल असतं.

(दृश्य : पठार. गवतातून जाणारी वाट, घाटघर. दूर चावंड आणि मग जुन्नर.)

घाटघरपासून जुन्नरपर्यंत सुमारे ३० किलोमीटर. पूर्वी चढून आलेल्या तांड्याला हे चालणं म्हणजे सुटका वाटत असेल. आणि जुन्नरच्या भोवती डोंगर कोरून काढलेले : लेण्याद्री, मानमोडी, तुळजा, शिवनेरी. भिक्खूंसाठी खोदलेली ही लेणी, पण त्यांच्या भिंतींवर नावं बाजारातली. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीनं, म्हणजे संघानं, सात खोल्यांचं लेणं आणि एक टाकं दिलं. कासार आणि बुरूड यांच्या श्रेणींची नावं आहेत.

मानमोडीला एक लेख आहे शत्रूच्या बाजूचा. सातवाहनांकडून हा मुलूख घेणाऱ्या क्षत्रप नहपान या शक राजाचा अमात्य अयम, वर्ष ४६. त्यानं काय दिलं? एक मंडप आणि एक पोढी. राज्य बदललं होतं, पण वाटेवरची तहान तीच होती.

आणि मग येतात यवन, म्हणजे त्या काळच्या बोलीत ग्रीक किंवा पश्चिमेकडून आलेले परदेशी. चिट नावाच्या यवनानं भोजनमंडप दिला. आणि दुसऱ्या एकाचा लेख मी मोठ्यानं वाचून दाखवतो. अर्थ लगेच लागला नाही तरी ऐका.

‘यवनस इरिलस गतान देयधम बे पोढियो.’

यवन इरिलाचं धर्मदान, दोन टाकी. दोन म्हणजे ‘बे’. शाळेत पाढ्यांच्या पहिल्या ओळीला आपण सगळ्यांनी एका सुरात म्हटलेलं, बे एके बे, तेच हे बे.