फिंगर रोल

(दृश्य: संथ गतीत फिंगर रोल)

बास्केटबॉलमधला हा फिंगर रोल. हाताकडे बघा. चेंडू तळव्यावर नाही, बोटांच्या टोकांवर आहे. मनगट हळूच वळतं, बोटं सुटतात आणि देवापुढे फूल ठेवावं तसा चेंडू रिंगच्या काठावरून जाळीत उतरतो. उंची सहा फूट सात इंच. उडी मारून चेंडू वरून थेट रिंगमध्ये कोंबणं, म्हणजे ‘डंक’, याला काही अवघड नव्हतं. पण त्याला हेच आवडायचं.

जॉर्ज गर्विन, अमेरिकन बास्केटबॉलपटू. टोपणनाव ‘आइसमन’, बर्फाचा माणूस.

(दृश्य: डेट्रॉइट, शाळेचा जिम)

डेट्रॉइटमध्ये 1952 साली जन्म. आईनं एकटीनं मुलं वाढवली. जॉर्जनं शाळेच्या सफाई कामगाराशी एक सौदा केला होता: सगळे घरी गेले की मला जिममध्ये खेळू द्या, जाताना मी झाडून जाईन. ही लाकडी जमीन नीट बघा. एवढा मोठा जिम, आत एकटा काटकुळा मुलगा आणि चेंडूचा आवाज. शॉट मारायचा, चेंडू आणायचा, पुन्हा मारायचा. शेवटी हातात झाडू. लोक त्याच्या खेळाला उपजत देणगी म्हणतात. आम्हाला मात्र ते उघडं ठेवलेलं दार महत्त्वाचं वाटतं. किती गल्ल्यांमध्ये असे हात असतील, आणि किती जिमना संध्याकाळी कुलूप लागत असेल!

कॉलेजात एका सामन्यात त्यानं ठोसा मारला आणि तिथलं खेळणं संपलं. मग व्हर्जिनिया स्क्वायर्स हा व्यावसायिक संघ, सोबतीला नामांकित खेळाडू ज्युलियस अर्विंग. 1974 मध्ये सॅन अँटोनिओ स्पर्स हा संघ.

(दृश्य: न्यू ऑर्लिन्स, 9 एप्रिल 1978)

हंगामाचा शेवटचा दिवस. त्याच दुपारी डेन्व्हरच्या डेव्हिड थॉम्पसननं 73 गुण ठोकलेले. हंगामात दर सामन्यामागे सर्वाधिक गुण कोणाचे, याची ही चुरस. या सरासरीत त्याच्या पुढे राहायला गर्विनला 58 हवेत. पहिले सहा शॉट हुकले. चेहरा बघा, एक रेष हललेली नाही. दुसऱ्या क्वार्टरमध्ये त्यानं एकट्यानं 33 गुण केले. मध्यंतराला 53. शेवटी 63, तेही फक्त 33 मिनिटांत. सरासरी 27.22, थॉम्पसनची 27.15! सामना स्पर्सनी गमावला.

(दृश्य: पोस्टर)

बर्फाच्या लाद्यांच्या आसनावर बसलेला आइसमन. अमेरिकेतल्या कितीतरी पोरांच्या खोलीत हे पोस्टर होतं. हंगामात गुणांच्या सर्वाधिक सरासरीचा मान त्यानं चारदा मिळवला: 1978, 1979, 1980 आणि 1982. संघाला लीगचं विजेतेपद मात्र कधीच नाही. पुढे शिकागो, युरोप, अमली पदार्थांचं व्यसन आणि त्यातून सुटका. 1996 मध्ये हॉल ऑफ फेम, म्हणजे बास्केटबॉलमधल्या थोरांच्या सन्मानयादीत स्थान.

(दृश्य: छताखाली 44 क्रमांकाची जर्सी, मग पुन्हा फिंगर रोल)

एबीए आणि एनबीए या अमेरिकेतल्या दोन्ही व्यावसायिक लीग मिळून 26,595 गुण. सॅन अँटोनिओमध्ये आता त्याच्या नावाची शाळा आहे. पुन्हा एकदा बघा, या वेळी पायांकडे. उडी संपत आली, शरीर खाली येतंय, आणि चेंडू अजून बोटांवरच आहे.