सहावीची शाळा निवडताना

श्रोतेहो, नमस्कार. पाचवीचा निकाल लागला की वाडीवाडीवर एकच विषय निघतो. पोराला सहावीला घालायचं कुठं? वाडीतली शाळा पाचवीपर्यंत. पुढं एक शाळा खालच्या गावात, दुसरी हमरस्त्यावर. दोन्ही जिल्हा परिषदेच्या, दोन्हीकडं पुस्तकं आणि दुपारचं जेवण मोफत. मग फरक ओळखायचा कशावरून?

वह्यांवरून. पुन्हा सांगते, मुलांच्या वह्यांवरून.

दापोली तालुक्यातल्या एका आईनं काय केलं, ते ऐका. मे महिना, खळ्यात काजूबिया वाळत घातलेल्या. दोन्ही शाळांतून सातवी झालेली पोरं वाडीत होतीच. वह्या रद्दीत जायच्या आधी ही बाई घरोघर फिरली आणि गणित-विज्ञानाच्या वह्या ओटीवर मांडून बसली. हमरस्त्यावरच्या शाळेला नवा रंग, वर्गात मोठा टीव्ही. तिथली विज्ञानाची वही सुबक, अक्षर मोत्यासारखं, पण दिवाळीनंतरची पानं कोरी. पोरगा म्हणाला, "सरांची बदली झाली, मग कोण आलंच नाय." खालच्या शाळेतली गणिताची वही कोपरे दुमडलेली, पावसानं फुगलेली. पण अपूर्णांकांच्या चुकलेल्या बेरजेखाली लाल शाईत लिहिलेलं, 'आधी छेद समान कर.' त्याखाली तीच बेरीज पुन्हा सोडवलेली, तारीख दुसऱ्या दिवसाची. मार्चपर्यंत हे असंच. आणि तिनं पहिल्या नंबरच्या पोराची वही मागितलीच नव्हती. त्याची वही कुठल्याही शाळेत चांगलीच असते. तिनं मागितली मधल्या पोराची. तेव्हा लक्षात ठेवा, वही मधल्या पोराची, आणि बघायचं काय? तारीख, लाल शाई, दुरुस्ती. तिनं मुलीचं नाव खालच्या शाळेत घातलं.

आता शिक्षक. सहावी ते आठवीला कायद्यानं वर्गामागे किमान एक शिक्षक हवा. त्यांत गणित-विज्ञान, सामाजिक शास्त्रं आणि भाषा या प्रत्येकाला एक. शिवाय 35 मुलांमागे एक. नुसत्या 35 च्या हिशेबावर जाऊ नका. तीन वर्ग मिळून 30 मुलं आणि शिक्षक एकच असला, तरी हा हिशेब बसतो. पण आठवीचं बीजगणित चालू असताना सहावी पाढे लिहीत बसते. म्हणून शाळेत सरळ विचारा, गणित-विज्ञानाला कोण आहे, आणि कधीपासून?

अंतराचंही तसंच. सहावी ते आठवीची शाळा 3 किलोमीटरच्या आत असावी, असा नियम. पण जुलैत वहाळ भरून साकवावरून पाणी गेलं की तीच वाट दुप्पट होते. वाट एकदा पायी चाला, घड्याळ लावून. एसटीची वेळ शाळा सुटायच्या वेळेशी ताडून बघा. पाचवी ते बारावीच्या मुलींना एसटीचा पास मोफत आहे, तो काढाच. आणि हो, पोराला छत्री नको, दप्तरावरून येईल असा रेनकोट द्या. सड्यावरच्या वाऱ्यात छत्री उलटी होते, आणि ती सावरताना पोरं शेवाळावर घसरतात. दरवर्षी हे बघून जीव तुटतो.

शेवटी दाखला. जुन्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला, म्हणून नव्या सरकारी शाळेला प्रवेश अडवता येत नाही. कोणी अडवलाच, तर पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. पोर मात्र जूनमध्ये पहिल्या दिवसापासून वर्गात बसवा. नमस्कार.