कवळी बसते लाळेवर

मंडळी, आधी एक छोटासा प्रयोग बघा. माझ्या हातात काचेच्या दोन पट्ट्या आहेत. एकीवर एक ठेवून उचलल्या, तर खालची पडते. आता मध्ये पाण्याचा एकच थेंब टाकते, जरा दाबते आणि पुन्हा उचलते. आता नाही पडत. सरकवून काढता येईल, पण सरळ ओढून निघायला तयार नाही. ज्यांना वरची पूर्ण कवळी आहे, त्यांच्या टाळूशी दिवसभर हेच चाललेलं असतं. मधला लाळेचा पातळ पापुद्रा कवळीला धरून ठेवतो. तो सुकला, की कितीही मापात केलेली कवळी बोलता बोलता खाली येते. वर खाली घासून हिरड्या सोलवटतात ते वेगळंच.

मध्यंतरी एक आजोबा आले, ते पिशवीत तीन कवळ्या घेऊन. प्रत्येक कवळी वेगळ्या रुमालात बांधलेली. म्हणाले, "डॉक्टर, तिन्ही सैल आहेत. चौथी तेवढी नीट करून द्या." मी तपासायचा आरसा गालाच्या आतून फिरवला, तर तो गालालाच चिकटला. ओल्या तोंडात तो सहज घसरतो. जीभ वर करायला सांगितली. तिथे एरवी लाळेचं लहानसं तळं साचलेलं दिसतं, यांच्याकडे ठणठणाट. म्हटलं, चौथी कवळी राहू द्या, आधी तुमच्या गोळ्या दाखवा.

निरोगी माणसाला दिवसाकाठी साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ सुटते. "वय झालं, तोंड सुकायचंच" असं आपण म्हणून टाकतो, पण बऱ्याचदा वयापेक्षा औषधांचाच हात मोठा असतो. सर्दी-अ‍ॅलर्जीच्या गोळ्या, नैराश्यावरची काही औषधं, वारंवार लघवी होऊ नये म्हणून दिलेल्या गोळ्या, लघवी जास्त करवणाऱ्या गोळ्या. एकेकटीने फार बिघडत नाही, चार जमल्या की तोंडाचं वाळवंट. आजोबांकडे अशा तीन निघाल्या. म्हणून घरी जाऊन कुणी गोळ्या बंद करायच्या नाहीत हं! यादी करा, डॉक्टरांपुढे ठेवा, यातली एखादी बदलता येईल का, किंवा तिची वेळ बदलता येईल का, ते विचारा. आवाक्यात नसलेला मधुमेह, डोक्या-मानेला दिलेलं रेडिएशन, स्योग्रेन नावाचा आजार, तोंडाने श्वास घेण्याची सवय, हीसुद्धा कारणं असतात.

तोवर करायचं काय? कवळी कधीही कोरडी तोंडात घालू नका. आधी तोंडात पाणी खेळवा, कवळीही ओली करा. दिवसभर पाण्याचे लहान लहान घोट घ्या. एका दमात तांब्याभर पाणी पिऊन उपयोग नाही. पाणी येतं आणि जातं. लाळेतला बुळबुळीतपणा त्याला नाही. त्यासाठी कृत्रिम लाळेचा स्प्रे किंवा जेल मिळतं. टाळूला टेकणाऱ्या बाजूला जेलचं बोट फिरवून कवळी बसवली, तर बऱ्याच जणांना फरक जाणवतो. बिनसाखरेची गोळी चघळली की लाळ सुटते, अर्थात ग्रंथींत जीव शिल्लक असेल तर. च्युइंगम मात्र काही कवळ्यांना असं चिकटतं, की विचारू नका. अल्कोहोल असलेल्या माउथवॉशने कोरड वाढते, तो टाळाच.

कवळी चिकटवायच्या क्रीमबद्दल माझं मत जरा कडक आहे. तिलाही फुगायला ओल लागते, त्यामुळे कोरड्या तोंडात ती नुसतीच गोळा होते. शिवाय झिंक असलेली क्रीम भरमसाट वापरून शरीरातलं तांबं कमी झाल्याची आणि हातापायांच्या नसांना इजा झाल्याची उदाहरणं आहेत. ट्यूब भराभर संपत असेल, तर कवळी दाखवायची वेळ झाली असं समजा.

आता रात्रीचं. झोपेत लाळ जवळजवळ थांबते. कवळी तशीच ठेवली तर खालच्या कातडीवर बुरशी माजते, टाळू लाल होतो, ओठांचे कोपरे चिरतात. २०१५ साली जपानमधल्या ८५ वर्षांवरच्या ५२४ लोकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. कवळी घालून झोपणाऱ्यांना न्यूमोनियाचा धोका दुपटीहून जास्त दिसला. तेव्हा कवळी काढा, मऊ ब्रश आणि साबणाने घासा, साध्या पाण्यात ठेवा. गरम पाण्याने तिचा आकार बिघडतो. बुरशीवर चघळायची गोळी दिली आणि ती तोंडात विरघळेचना, तर तसं सांगा. त्याऐवजी जेल किंवा पातळ औषध देता येतं. आणि तोंडातली जखम दोन आठवड्यांत भरली नाही, तर "कवळी टोचत असेल" म्हणत बसू नका, दाखवा.

हो, आजोबांचं सांगायचं राहिलं. त्यांच्या डॉक्टरांनी एक गोळी बदलली, दुसरीचा डोस कमी केला. महिनाभराने तिन्ही कवळ्या पुन्हा घालून पाहिल्या. सगळ्यांत चांगली बसली ती सगळ्यांत पहिली केलेली. उरलेल्या दोन त्यांनी नीट रुमालात बांधल्या आणि मला विचारलं, "आता या परत घेतात का हो कुठे?"