रुग्णांचे आणि डॉक्टरांचे अनुभव मुलाखतीतून कसे समजून घेतात?

नमस्कार. रक्तदाब किती, साखर किती, शस्त्रक्रियेनंतर रुग्ण कितव्या दिवशी घरी गेला, हे सारे केसपेपरवर असते. निदान कळल्यावर त्या माणसाने घरी काय सांगितले आणि काय लपवले, किंवा चालू असलेल्या गोळ्या त्याने मध्येच का सोडल्या, हे मात्र त्याच्याशी निवांत बोलल्याशिवाय कळत नाही.

इंग्लंडमधील ऑक्सफर्डच्या डॉ. ॲन मॅक्फर्सन यांना स्तनाचा कर्करोग झाला, तर औषधशास्त्रज्ञ अँड्र्यू हर्क्सहायमर यांच्यावर गुडघेबदलाची शस्त्रक्रिया झाली. वैद्यकीय ज्ञान दोघांकडेही होते; पण याच वाटेने गेलेल्यांचे अनुभव त्यांना कुठे एकत्र सापडेनात. त्यातून 2001 मध्ये रुग्णांच्या अनुभवांचे ‘डायपेक्स’ हे संकेतस्थळ सुरू झाले, जे पुढे ‘हेल्थटॉक’ या नावाने ओळखले जाऊ लागले.

तिथे एका आजारासाठी साधारण 35 ते 50 जणांच्या मुलाखती घेतात आणि वय, परिस्थिती, आजाराची अवस्था, घेतलेले उपचार या सगळ्यांत ही माणसे एकमेकांपासून जितकी वेगळी असतील तितकी ती मुद्दाम वेगळी निवडतात. एवढ्याशा माणसांवरून काय सिद्ध होणार, असा आक्षेप नेहमी येतो. किती टक्के रुग्णांना भीती वाटते हे मोजायला सर्वेक्षणच हवे. ती भीती नेमकी कशाची आहे, हे कळायला मुलाखत लागते.

मुलाखतीची सुरुवात अगदी मोकळ्या प्रश्नाने होते: ‘काहीतरी बिघडले आहे असे पहिल्यांदा वाटले, तिथपासून सांगा.’ त्यानंतर सांगणारा थांबेपर्यंत मध्ये बोलायचे नाही, आणि ठरवलेले मुद्दे त्यानंतरच काढायचे. माझ्या मते सर्वांत अवघड काम हेच आहे, कारण समोरचा गप्प झाला की पुढचा प्रश्न विचारण्याची घाई होते आणि पुष्कळदा महत्त्वाचे वाक्य त्या शांततेनंतरच येते. आपल्याकडे तर रुग्णाच्या वतीने मुलगा किंवा नवरा उत्तर देतो. तेव्हा नातेवाइकांचे म्हणणे ऐकावे, पण रुग्णासाठी वेगळा वेळ मागून घ्यावा. उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी स्वतःच मुलाखत घेतली, तर उपकाराच्या भावनेने तक्रार ओठांतच राहते.

मुलाखत शब्दशः उतरवून ती सांगणाऱ्याला परत दाखवतात. नको तो भाग तो काढू शकतो, आणि चित्रफीत, केवळ आवाज की फक्त मजकूर द्यायचा, हेही तोच ठरवतो.

डॉक्टर आणि परिचारिका यांचेही ऐकावे लागते. इंग्लंडमधीलच ल्यूटन अँड डन्स्टेबल रुग्णालयात डोके व मान यांच्या कर्करोगाच्या विभागात 2005-06 च्या सुमारास रुग्णांच्या चित्रित मुलाखती आणि कर्मचाऱ्यांच्या मुलाखती घेऊन, पुढे दोघांना एकत्र बसवून सेवेत बदल ठरवले गेले. कर्मचाऱ्यांच्या मुलाखतीत गोपनीयता अधिक नाजूक असते, कारण विभागात तीनच डॉक्टर असतील तर नाव बदलूनही सहकारी एका वाक्यावरून माणूस ओळखतात. म्हणून अशी वाक्ये वापरण्याआधी ती बोलणाऱ्याची पुन्हा परवानगी घ्यावी.